मदत हवी आहे: नववीसाठी 'ओळखा पाहू' की (key, म्हणजे लक्षणं बघत प्राण्याच्या नावापर्यंत नेणारी पायऱ्यांची यादी) बनवतोय, संधिपादांपाशी (सांध्यांचे पाय असलेल्या प्राण्यांपाशी) अडलोय

फळा_खडू:
पावसाळ्यात शाळेच्या आवारात हमखास सापडणाऱ्या प्राण्यांसाठी दोन-दोन पर्यायांची की करतोय. नमुने: कोळी, विंचू, गोचीड, घोण, पैसा (काही जण वाणी म्हणतात), मुंगी, वाळवी, झुरळ, फुलपाखराची अळी, शिवाय कुंडीखालचा राखाडी किडा, जो हात लागला की गोळी होतो. पहिली पायरी ठेवली आहे 'पाय किती: 6, 8 की जास्त?' अडचणी तीन.
गोळी होणारा किडा कधी पैशात जातो, कधी कुठेच नाही.
अळी 'जास्त पाय'मध्ये जाते.
वाळवी जुन्या पुस्तकात स्वतंत्र गण (वर्गीकरणातला एक गट), नव्यात झुरळांच्या गणात. काय लिहू?

सहापायी:
पहिली पायरीच बदला. पायांची संख्या वयानुसार फिरते: गोचिडीचं अंड्यातून निघालेलं पिल्लू 6 पायांचं असतं, पैशाचं नवजात पिल्लूही साधारण 3 जोड्यांवर सुरुवात करतं. तुमची की दोघांना कीटक ठरवेल. शिवाय कोळ्याचा एखादा पाय तुटलेला असतोच.

अळ्या आधीच वेगळ्या काढा आणि सुरुवात मिशांपासून करा (स्पर्शिका म्हणा हवं तर).
1क. मिशा नाहीत: 2 वर जा. 1ख. मिशा आहेत: 4 वर जा.
2क. शेपटीच्या टोकाला नांगी: विंचू. 2ख. नांगी नाही: 3 वर जा.
3क. शरीराचे दोन भाग, मध्ये बारीक कंबर: कोळी. 3ख. शरीर एकसंध: गोचीड.
4क. शरीराच्या मधल्या बहुतेक खंडांना (वळ्यांना) पायांच्या दोन-दोन जोड्या: पैसा. 4ख. एकेकच जोडी, किंवा सगळे मिळून सहाच पाय: 5 वर जा.
5क. पायांच्या 15 किंवा जास्त जोड्या: घोण. 5ख. 7 जोड्या: कुंडीखालचा किडा. 5ग. 3 जोड्या: कीटक.
(5 ला तीन फाटे झाले. नियमाला धरून नाही, पण मुलांना सोपं जातं. शुद्धतावाद्यांनी माफ करावं.)

मोजायचं ते शरीराच्या मध्यावर. पैशाच्या डोक्यामागच्या पहिल्या खंडाला पाय नसतात, पुढच्या तिघांना एकेकच जोडी असते. मुलं नेमकी तिथूनच मोजायला लागतात आणि 4ख निवडतात. आणखी एक फसगत म्हणजे मुंगीसारखा दिसणारा कोळी. तो पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून हलवतो. 10 पट भिंगातून डोकं पाहा: समोर दोन मोठे डोळे चमकले तर कोळी.

पानगळ:
गोळीवाल्याबद्दल. पैशांमध्येही गोळी होणारे आहेत, सह्याद्रीत ते चांगले मोठे असतात. फरक मागच्या टोकाला पाहा. तिथे एकच मोठी गुळगुळीत ढाल आणि पायांच्या 21 ते 23 जोड्या असतील तर तो पैसा. शेवटी अरुंद पट्ट्या, त्यांच्या कडेला दोन बारीक उपांगं (बाहेर आलेले छोटे अवयव) आणि पाय 7 जोड्या असतील तर तो खेकडा-कोळंबीच्या नात्यातला, कवचधारी. त्याच्या पिल्लाला मात्र सुरुवातीला 6 जोड्या असतात, म्हणून पूर्ण वाढलेलाच घ्या.

अळीला खरे, सांध्यांचे पाय तीनच जोड्या, छातीवर. मागचे मऊ ते आधारपाय. आधारपाय 5 जोड्या किंवा कमी असतील तर फुलपाखरू-पतंग. मोहरीवरच्या काळपट अळीला 8 जोड्या असतात. ती मुंग्या-मधमाश्यांच्या गणातल्या माशीची अळी. पुष्कळ जण तिला पतंगात ढकलतात.

घोण चिमट्यानेच उचला, चावते. पैसा झोंबणारा द्रव सोडतो, हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू देऊ नका. फार पळणारा नमुना डबीसकट पाच-सात मिनिटं फ्रिजमध्ये ठेवला की मंदावतो.

फळा_खडू:
फारच उपयोगी. वाळवीचं राहिलं. आणि 1 ते 5 या फाट्यांनाच 'वर्गीकरण' म्हणून तक्त्यावर लावलं तर चालेल का?

सहापायी:
नाही, तिथेच घोटाळा होतो. की म्हणजे नावापर्यंत पोचायची वाट. तिच्यात पोट कापून बघावं लागेल असं लक्षण चालत नाही. वर्गीकरण मात्र वंशावरून. आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने 1758 साली कोळी, विंचू, खेकडे, गोमा सगळेच इन्सेक्टात (कीटकांत), 'बिनपंखी' गणात बसवले होते. ओळखायला सोपं, नात्याने चूक. आता जनुकांवरून दिसतं की कीटक कवचधाऱ्यांच्याच एका फांदीतून निघाले. म्हणजे तुमचा कुंडीखालचा किडा घोणीपेक्षा झुरळाला जवळचा.

वाळवी झुरळांच्याच गणात, ब्लॅटोडियात लिहा. 2007 च्या जनुकीय अभ्यासानंतर हे बहुतेकांनी मान्य केलं. तिचं सर्वांत जवळचं नातेवाईक म्हणजे लाकूड खाणारं झुरळ, आणि त्याच्या व काही वाळव्यांच्या आतड्यात लाकूड पचवणारे एकपेशीय जीवही मिळतेजुळते. की मध्ये मात्र 5ग नंतर वाळवीची पायरी झुरळाशेजारी नको, मुंगीशेजारी ठेवा, कारण मुलांचा गोंधळ त्या दोघींतच होतो: मुंगीची मिशी कोपरासारखी वाकलेली आणि कंबर बारीक, वाळवीची मिशी सरळ, मणी ओवल्यासारखी, कंबर नाहीच.

तक्ते दोन करा, एकावर की, दुसऱ्यावर वंशवृक्ष. की लावायच्या आधी हे नमुने कधीच न पाहिलेल्या दोन मुलांना देऊन बघा. दोघं ज्या पायरीवर वेगळीकडे वळतील, ती पायरी पुन्हा लिहा.