‘स्टीलचा ग्लास’ म्हटलं की मराठी बुडते का?

नौपाडा_नाका:
काल इथे ‘शुद्धमराठी_ठाणे’ यांचा लेख वाचला आणि माझा चहा गार झाला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: तलावपाळीवर एक आई मुलाला म्हणाली, "स्टीलचा ग्लास घे, काचेचा नको." एवढंच यांच्या कानावर पडलं आणि यांनी दीड पानी शोकसंदेश लिहिला. ग्लास म्हणजे काच, मग स्टीलची काच कशी, काचेची काच कशी, असं बोलणाऱ्यांना ना धड मराठी येतं ना इंग्रजी, उद्यापासून घराघरात ‘पेला’च म्हणा.

अहो, तेल म्हणजे मुळात तिळाचं ते. तीळ, तैल, तेल. मग शेंगदाण्याचं तेल म्हणताना तुमची जीभ का अडखळत नाही? शाई घ्या. फारसीत स्याह म्हणजे काळा, त्यावरून शाई. आमचे मास्तर जन्मभर लाल शाईने वह्या रंगवत होते, त्यांना कुणी अडाणी म्हटलं नाही.

आणि मराठीने हा शब्द उचलला तो डोळे मिटून नाही. ऐका नीट. पाण्याचा ग्लास फुटला. खिडकीची ग्लास फुटली. प्यायचा तो ‘तो’, खिडकीतली ती ‘ती’, कारण ती मुळात काच आहे आणि काच स्त्रीलिंगी. हे शाळेत कुणी शिकवत नाही, तरी कुणी चुकत नाही. ज्या भाषेला असं वळवून घेता येतं, ती बुडतेय म्हणून गळा काढायची गरज नाही.

शेवटचं. माझ्या आईच्या रुखवताची यादी अजून कपाटात आहे. १९७१ सालची, आजोबांच्या हातची, पिवळ्या फुलस्केपवर: "तांबे २, पेले ६, ग्लास ६, फुलपात्रे ४." आजोबा मराठीचे शिक्षक. दोन्ही एकच असते तर त्यांनी सरळ "पेले १२" लिहिलं असतं. आमच्याकडे पेला म्हणजे बुटका, तोंडाशी पसरट. ग्लास उंच आणि सरळसोट. फुलपात्राचा ओठ बाहेर वळलेला. नाव आकाराला आहे हो, धातूला नाही.

शुद्धमराठी_ठाणे:
शोकसंदेश नव्हता, निरीक्षण होतं. तेल आणि शाई शेकडो वर्षं इथे मुरलेले शब्द आहेत. ग्लास साहेबाच्या टेबलावरून खाली पडला आणि आपण उचलला. आज ग्लास, उद्या स्पून, परवा प्लेट. माझा नातू "आजोबा, वॉटर" म्हणतो. ‘पाणी’ म्हणाला तर शाळेत बाई डोळे वटारतात, असं त्याचंच म्हणणं. तुमच्या आजोबांच्या यादीने माझ्या नातवाची भाषा परत येणार आहे का? शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो उगाच नाही. परके शब्द हटवावे लागतात, ते आपोआप जात नाहीत.

खारेगावकर:
काका, एक बारीकशी अडचण आहे. राज्यव्यवहारकोश झाला तो दरबारातले फारसी शब्द काढायला. आणि तुमचा ‘पेला’ हा फारसी ‘प्याला’च आहे. म्हणजे तुम्ही महाराजांचा दाखला देऊन फारसीची वकिली करताय. चालू द्या.

शुद्धमराठी_ठाणे:
ठीक आहे. मग ‘भांडं’ म्हणा. पाण्याचं भांडं. तांब्या-भांडं. ते तरी आमचं आहे ना, की तेही तुम्ही इराणला पाठवणार?

वऱ्हाडी_वागळे:
‘भांडं’ म्हणू नका हो, माझी जखम ओली होते. मी यवतमाळची, २००३ ला लग्न होऊन ठाण्यात आले. चौथ्या दिवशी पाहुणे. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्यांना पाण्याचं भांडं दे." आमच्याकडे पाणी गिलासात देतात, आणि भांडं म्हणजे स्वयंपाकातलं कुठलंही. मी आपलं मधलं पातेलं घासूनपुसून, पाणी भरून, दोन्ही हातांनी धरून बैठकीत नेलं. मामेसासरे बघतच राहिले. अजून दिवाळीला तो किस्सा निघतो. ‘गिलास’ म्हणाल्या असत्या तर माझी २० वर्षं वाचली असती.

तळेगावचा_ठाण्यात:
थोडं अवांतर. लोकमान्यांच्या पाठबळाने, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून तळेगावात काचेचा कारखाना निघाला, १९०८ साली. नाव ‘पैसा फंड ग्लास वर्क्स’. स्वदेशीचा एवढा जोर असतानाही ‘ग्लास’ खपला.

शुद्धमराठी_ठाणे:
गावात लोक ‘काच कारखाना’च म्हणत. पाटी इंग्रज सरकारला वाचायला होती.

तळेगावचा_ठाण्यात:
हे मात्र खरं. माझी आजी काच कारखानाच म्हणायची.

कोपरखैरणे_१४:
तुमचे शब्द राहू द्या बाजूला, इथे खरीखुरी ग्लास फुटलीय. गेल्या महिन्यात रात्री अडीचला बाथरूममधून फटाक्यासारखा आवाज. चोर आला असं समजून मी लाटणं घेऊन गेलो. शॉवरचं पार्टिशन खाली, सगळीकडे खडीसाखरेसारखे दाणे. आत कुणी नाही, कुणी हातही लावलेला नाही. बिल्डर म्हणतो तुमच्या वापरामुळे. सोसायटी म्हणते फ्लॅटच्या आतलं तुमचं तुम्ही बघा. मी म्हणतो रात्री अडीचला माझा कसला वापर? आजही टॉवेल झटकला की एखादा दाणा पडतो. आणि इथे काय चाललंय, तर पेला की ग्लास.

नौपाडा_नाका:
दादा, वाईट वाटलं, पण धाग्याचा विषय भाषा आहे, तुमचं बाथरूम नाही.

कोपरखैरणे_१४:
तुमच्या आईचं रुखवत चालतं, माझं बाथरूम चालत नाही?

काचवाला_कळवा:
मी २२ वर्षं काचेचं काम करतो, म्हणून सांगतो. ती टफन असणार. साधी काच ६०० डिग्रीच्या वर तापवतात आणि गार हवेच्या झोताने झटकन निववतात. वरचा थर दाबात राहतो, आतला ताणात. त्यामुळे मधोमध बुक्की मारा, काही होत नाही. पण कडेची चिप्पी उडाली, बिजागरीचा स्क्रू जास्त आवळला, कोपरा टाइलला टेकला, की आतला सगळा ताण एकदम सुटतो. कधी कधी काचेतच निकेल सल्फाइडचा कण राहिलेला असतो, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. तो वर्षा-दोन वर्षांनी, कधी त्याहून उशिरा फुगतो आणि कुणी हात न लावता काच जाते. म्हणजे तुम्ही खोटं बोलत नाही. पण बिल्डरलाही धरता येणार नाही, कारण सगळे तुकडे तुम्ही झाडून टाकले.

कोपरखैरणे_१४:
मग काय तुकड्यांची पूजा करायची होती?

काचवाला_कळवा:
फोटो काढायचा होता. टफन जिथून फुटायला सुरुवात होते तिथे बहुतेक वेळा फुलपाखरासारखे दोन मोठे तुकडे जोडून दिसतात. कण असला तर त्यांच्या मधोमध सापडतो. कडेपासून सुरुवात असेल तर चूक बसवणाऱ्याची.

घोडबंदर_ट्राफिक:
दादा, आमचा २२ वा मजला. बाल्कनीच्या कठड्याला नुसती टफन आहे. झोप उडवलीत.

काचवाला_कळवा:
उंचावर कठड्याला लॅमिनेटेड पाहिजे. दोन काचांच्या मध्ये फिल्म असते. तडकली तरी जागेवर धरून राहते, गाडीच्या पुढच्या काचेसारखी. नुसती टफन फुटली तर सगळे दाणे खाली, आणि खाली तुमचीच पोरं खेळतात. आणि एक, टफन झाल्यावर ती कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. तेव्हा माप देताना "अंदाजे लिहा" म्हणू नका. लोक फोनवर माप देतात आणि मग माझ्याशी भांडतात.

सानपाडा_सखी:
फुटली फुटली काय लावलंय सगळ्यांनी? आमच्याकडे काचेची बांगडी फुटत नाही, ‘वाढवते’. सासूबाईंसमोर चुकून "बांगडी फुटली" म्हटलं तर त्यांनी मला देवासमोर उभं केलं होतं. तेव्हा कोपरखैरण्याचं पार्टिशन वाढवलं म्हणा, निदान ऐकायला बरं.

बाकी काचेचा विषय निघालाच आहे तर तो दुसरा काच विसरलात सगळे. चपलेची पट्टी काचते तो. सासरचा काच तो. त्याला कुठलाही कारखाना लागत नाही.

घंटागाडी_मित्र:
एक विनंती. फुटलेली काच ओल्या-सुक्या कचऱ्यात तशीच टाकू नका. आमच्या गल्लीत कचरा वेगळा करणाऱ्या ताईंच्या तळहाताला सात टाके पडले. कुणीतरी कटिंगचा फुटका ग्लास भाजीच्या सालींत टाकला होता. जाड पुठ्ठ्यात गुंडाळा, वर मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहा, हातात द्या. मराठीतच लिहा, काका खूश होतील.

शुद्धमराठी_ठाणे:
यात माझी टिंगल करायचं काय कारण होतं कळलं नाही. पण पुठ्ठ्याचं पटलं, आमच्या मजल्यावर सांगतो.

खारेगावकर:
आणि बघा, तेही "कटिंगचा ग्लास" लिहून गेले. स्टेशनबाहेर टपरीवर जाऊन "एक कटिंगचा पेला द्या" म्हणून दाखवा. शुक्रवारी मित्रांना "बसू या, दोन पेले आणतो" म्हणून दाखवा.

शुद्धमराठी_ठाणे:
शुक्रवारी मी भजनाला बसतो. तुमचं तुम्ही बघा. आणि कुणीतरी माझ्या नातवाचं उत्तर द्या. सगळे चेष्टा करताय, त्या पोराला ‘वॉटर’ म्हणावं लागतं त्यावर एक ओळ नाही.

नौपाडा_नाका:
काका, तिथे मी तुमच्याच बाजूला आहे. पाण्याला पाणी म्हटलं म्हणून कुणी बाई डोळे वटारत असेल तर मी तुमच्याबरोबर शाळेत येते, खरंच. पण तो राग त्या बाईंवर काढा. तलावपाळीवरच्या आईवर नको. ती बिचारी अख्खं वाक्य मराठीत बोलत होती, "घे" पासून "नको" पर्यंत. तुम्ही त्यातला एकच शब्द पकडलात.

शुद्धमराठी_ठाणे:
बरं. त्या माउलीबद्दल ‘अडाणी’ लिहिलं ते काढतो. पेला मात्र काढणार नाही. रुखवताच्या यादीत सहा पेले होते, हे तुम्हीच लिहिलंय. ते सहा मी धरून बसणार.

नौपाडा_नाका:
धरा. त्यातले चार आईकडेच आहेत, दोन वाटणीत मावशीकडे गेले. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

कोपरखैरणे_१४:
माझ्या पार्टिशनचं काय?

काचवाला_कळवा:
शनिवारी येतो माप घ्यायला. आठ एमएम टफन, कडा घासून. यावेळी बिजागरीखाली रबराची पट्टी टाकू.

शुद्धमराठी_ठाणे:
कळव्याचे दादा, शनिवारी इकडे आहातच तर आमच्याकडेही या. बैठकीतल्या खिडकीची ग्लास तडकलीय, पावसाचं पाणी आत येतंय.

खारेगावकर:
"खिडकीची ग्लास तडकलीय." स्त्रीलिंगी. वा काका!

वऱ्हाडी_वागळे:
कुणीतरी याचा फोटो काढून ठेवा, फुलपाखराच्या तुकड्यांसारखा.

शुद्धमराठी_ठाणे:
टंकनदोष आहे. पाच एमएमचा भाव काय?