नगरसेवकाकडे नेमकं काय मागायचं? चाळीची दुरुस्ती आणि घरी बसलेली पोरं

लालबागचा_रहिवासी

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आमची चाळ लालबागला, तळमजला अधिक तीन, उपकरप्राप्त म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला सेस भरणारी, 1940 च्या आधीची म्हणजे ए कॅटेगरी. मागच्या गॅलरीला टेकू लावलेत ते तसेच आहेत, संडासाकडची भिंत बारा महिने ओली, आणि तिसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यात पिंपळ उगवलाय तो दरवर्षी कोणीतरी कापतं नि दरवर्षी परत येतो. मार्च 2022 ला पालिकेची मुदत संपली ती जानेवारी 2026 ची निवडणूक होईपर्यंत आम्हाला नगरसेवकच नव्हता, कोणाला सांगायचं तेच कळत नव्हतं. आता नवीन निवडून आलेत, येत्या रविवारी चाळीत बैठकीला येणारेत.

दुसरा विषय पोरांचा. बीकॉम झालेली आहेत, दोघं आयटीआय फिटर आहेत, आणि सगळी बाईकवर पार्सल पोचवतात नाहीतर स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरून वाट बघत बसतात. त्यांच्या आईबापांचा जीव तुटतो हो. याआधी जे जे आले ते लाद्या आणि बाकडी देऊन गेले. यावेळी जे खरंच त्यांच्या हातात आहे तेच मागायचं असं ठरवलंय, तर काय मागावं?

काळाचौकीकर

दादा, आधी एक गोष्ट चाळीतल्या सगळ्यांना समजावून सांगा. उपकरप्राप्त इमारतीची दुरुस्ती पालिका करत नाही, ती म्हाडाच्या म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे असते, 1969 च्या कायद्यापासून हेच चालू आहे, आपण प्रॉपर्टी टॅक्सबरोबर जो सेस भरतो तो त्याचसाठी. त्यामुळे "साहेब आमची गॅलरी करून द्या" म्हटलं तर ते हो म्हणतील आणि काहीच होणार नाही, कारण नगरसेवक निधी खाजगी मालकाच्या इमारतीच्या आत खर्च करता येत नाही, म्हणून तर लाद्या आणि बाकडी मिळतात.

पण त्यांच्या हातात काहीच नाही असंही नाही. तुमची ती ओली भिंत हाऊसगल्लीच्या, म्हणजे दोन इमारतींमधल्या मागच्या अरुंद बोळाच्या बाजूला आहे का बघा. आमच्याकडे तशीच होती. हाऊसगल्ली कचऱ्याने भरली की सांडपाणी पायाशी साचतं आणि भिंत खालून वर ओली होत जाते, वरून कितीही प्लास्टर मारा सहा महिन्यात सुटतं. आणि हाऊसगल्लीची सफाई, बाहेरची ड्रेनेज लाईन, गटार हे सगळं पालिकेचं काम आहे. हे लेखी मागा आणि पावसाळ्याआधी मागा, आणि झालं नाही तर प्रभाग समितीत विषय घ्यायला लावा, तिथे वॉर्डाच्या अधिकाऱ्यांना समोरासमोर उत्तर द्यावं लागतं.

म्हाडाचं म्हणाल तर तिथे त्यांनी तुमच्यासोबत यायचं. नुसतं पत्र देऊन भागत नाही, पत्र मिळाल्याचा इनवर्डचा शिक्का घ्या, इंजिनीयरची साईट व्हिजिट कधी ते विचारा, आणि एस्टिमेट झालं असेल तर त्याची कॉपी मागा. एस्टिमेट महत्त्वाचं, कारण म्हाडा कायद्याच्या कलम 88 प्रमाणे दुरुस्तीच्या खर्चाला चौरस मीटरमागे मर्यादा आहे, खर्च त्याच्यावर गेला तर वरचा फरक रहिवाशांनी भरायचा नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची धरली जाते आणि मग संक्रमण शिबिर, म्हणजे तात्पुरत्या घरात हलवणं. शिबिरात गेलेली माणसं किती वर्षं तिथे राहतात ते आपण गिरणगावात सगळे बघतोय, त्यामुळे ही वेळ यायच्या आत हलायला हवं.

पिंपळ नुसता कापू नका, मुळासकट काढून फट बंद केल्याशिवाय तो जात नाही, आणि मूळ जाड झालं की भिंत फोडतं.

शिवडी_नाका

मी तर म्हणेन आमदाराला पण त्याच बैठकीला बोलवा. आमदार निधीतून उपकरप्राप्त इमारतींची दुरुस्ती म्हाडामार्फत होते, आमच्या बाजूच्या दोन बिल्डिंगची झाली. नगरसेवक आणि आमदार वेगळ्या पक्षाचे असले तरी बोलवा, छप्पर सगळ्यांचं एकच आहे.

मनीषा_भायखळा

मी पोरांबद्दल लिहिते, कारण त्याच कामात असते.

रोजगार मेळावा मागू नका. मंडप पडतो, फोटो निघतात, पोरं बायोडेटा देऊन येतात आणि कोणाचा फोन येत नाही. 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना चांगली वाटली होती, बारावीला महिना 6 हजार, आयटीआय नि पदविकेला 8 हजार, पदवीधराला 10 हजार, आधी सहा महिने होती मग अकरा केली. माझा भाचा एका ऑफिसात होता, काम मन लावून केलं, मुदत संपली आणि घरी. प्रशिक्षण संपल्यावर पुढे काय हे आधी कोणी विचारतच नाही.

त्यापेक्षा अप्रेंटिसशिप धरा, म्हणजे कंपनीत विद्यावेतन घेत काम शिकणं. 1961 चा कायदा आहे, आता 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. आता तुम्हीच बघा, लालबाग परळ लोअर परळला किती हॉस्पिटलं, किती ऑफिसं, किती हॉटेलं. 1982 च्या संपानंतर ज्या गिरण्या गेल्या त्यांच्याच जमिनीवर टॉवर उभे आहेत आणि त्या टॉवरची लिफ्ट, एसी, पंप बघायला माणूस लांबून येतो, समोरच्या चाळीतला फिटर मात्र पार्सल टाकायला त्याच टॉवरच्या गेटवर उभा असतो. हे मला फार लागतं. नगरसेवकांनी वॉर्डातल्या अशा वीसपंचवीस आस्थापनांना स्वतः जाऊन भेटायचं, अप्रेंटिस किती घेता आणि आमच्या वॉर्डातले किती घ्याल एवढं विचारायचं. नगरसेवक दारात आला की एचआरवाले बसवून बोलतात, पोरगा एकटा गेला तर सिक्युरिटी आत सोडत नाही.

आणि त्यांना तयार यादी द्या. नाव, शिक्षण, ट्रेड, वय, मोबाईल, वहीत लिहून चालेल. मुलींची नावं विसरू नका, प्रत्येक वेळी यादीत मुलगेच असतात.

प्लंबर_परळ

मनीषाताई बरोबर बोलल्या. मी स्वतः आयटीआयचा. माझं एकच म्हणणं की दुरुस्ती आणि रोजगार हे दोन विषय वेगळे का मांडताय? चाळीत काम निघालं की ठेकेदार बाहेरून माणसं आणतो, ती आठवड्यात पाईप बदलून जातात, जोड नीट बसवला की नाही बघायला कोणी थांबत नाही आणि पुढच्या पावसात परत गळती. तिथे राहणारा पोरगा कामावर असेल तर तो जोड दोनदा बघेल, कारण खाली त्याचीच खोली आहे. ठेकेदारावर कायद्याने सक्ती करता येणार नाही बहुतेक, पण बैठकीत नगरसेवकासमोर शब्द घेता येतो की हेल्पर म्हणून दोन पोरं इथली, रोजचा हजेरी पगार द्यायचा. सुशिक्षित बेरोजगारांची सेवा सहकारी संस्था पण काढता येते, पालिकेच्या वस्तीसफाईच्या जुन्या दत्तक वस्ती योजनेच्या काळापासून अशा संस्था पालिकेची सफाईची कामं करत आल्यात, मानधन तुटपुंजं असतं ते खरं, पण संस्था रजिस्टर असली की इतर छोटी कामंही मागता येतात.

लालबागचा_रहिवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंत हाऊसगल्लीलाच लागून आहे, आत्ता खाली जाऊन बघून आलो, मागच्या मजल्यांवरून टाकलेल्या पिशव्यांनी अर्धी भरलीय. फोटो काढलेत. पोरांची यादी आजपासून करतोय, तळमजल्याच्या काकूंच्या मुलीने वही घेतलीय हातात, तीच घरोघरी जाणार. आमदारांच्या ऑफिसला उद्या निरोप देतो. काळाचौकीकर दादा, एस्टिमेटची कॉपी मागायला साधा अर्ज चालतो की माहिती अधिकारात टाकू?

काळाचौकीकर

आधी साधा अर्ज, शिक्का घेऊन. महिन्यात नाही मिळाली तर माहिती अधिकार, दहा रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. अर्जावर चाळ कमिटीची सही घ्या, आणि भाडेकरूंच्या जमतील तेवढ्या.