आधी पैसे भरावेत का, हे बंदरावर अवलंबून

क्रूझवर बंदरात उतरून करायच्या सहलींबद्दल ‘जहाजाच्या सहली महाग असतात, आधी पैसे भरूच नका, उतरल्यावर ठरवा’ असं एकाने म्हटलंय. हे मत जहाज थेट धक्क्याला लागतं तिथे मलाही पटतं. पण जहाज समुद्रातच नांगर टाकून छोट्या बोटींनी माणसं किनाऱ्यावर नेतं, तिथे गणित बदलतं. ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाचंच घ्या. जहाजाची सहल घेतलेल्यांना सहसा आधी अथिनिओस बंदरात उतरवतात, तिथून बस थेट कड्यावर नेते. बाकीचे नंतर कड्यावर वसलेल्या ‘फिरा’ या मुख्य गावाच्या खालच्या जुन्या बंदरात उतरतात. वर यायला केबल कार, नाहीतर जवळपास ६०० पायऱ्या. (खेचरंही आहेत, पण भर उन्हात त्यांचे हाल बघून बसवत नाही.) दोन-तीन जहाजं एकदम आली की केबल कारची रांग हलता हलत नाही, आणि तुम्ही आगाऊ पैसे दिलेला खाजगी गाइड वर घड्याळ बघत उभा.

शिवाय अशा बंदरांवरचे थांबे वारा सुटला की सर्रास रद्द होतात. जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे तेव्हा बहुधा आपोआप परत मिळतात. खाजगीवाल्याकडून मात्र ‘जहाज आलंच नाही तर पूर्ण परतावा’ हे लेखी घ्या, फोनवरच्या ‘हो हो, देऊ की’वर विसंबू नका. थोडी आगाऊ रक्कम आणि उरलेले तिथे, असं कुणी चालवून घेत असेल तर मी डोळे झाकून त्यालाच धरेन. भेटीची वेळ जहाजाच्या घड्याळाची की स्थानिक, तेही तेव्हाच विचारा. दोन्हींत कधीकधी तासाचा फरक असतो.