जपानी ‘गाक्यो’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: जपानमध्ये मातीच्या पाट्यांवर बौद्ध सूत्रं लिहून, त्या भाजून जमिनीत पुरत. त्यांना ‘गाक्यो’ म्हणतात. मराठीत ‘मृण्मुद्रा’ चालेल का?

उत्तर: मृण्मुद्रा नको, त्या शब्दाची जागा ठरलेली आहे. कान्हेरीच्या लेण्यांत मातीचे ठसे सापडले, ज्यांवर ‘ये धर्मा हेतुप्रभवा’ ही गाथा उमटवलेली आहे, त्या मृण्मुद्रा. तिथे एक साचा केला की हवे तेवढे ठसे निघतात. गाक्योला साचा नाही. ओल्या मातीची चौकोनी पाटी, तिच्यावर आखलेल्या रेघा, रेघांमध्ये टोकदार काडीने एकेक अक्षर, बहुधा दोन्ही अंगांना, मग भट्टी. अख्खं सद्धर्मपुंडरीक सूत्र असं उतरवायचं तर पाट्यांची चळत लागते. ही हाताने केलेली लिखाई आहे आणि नाव देताना तेवढं तरी राखलं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

१०५२ पासून धर्माचा ऱ्हासकाळ लागला, अशी तिथे समजूत होती. पुढचा बुद्ध मैत्रेय, तो यायला ५६७ कोटी वर्षं, तोवर सूत्रं टिकायला हवीत; कागद तेवढा कुठला टिकायला! तोत्तोरी भागातल्या दाइनिचिजी मंदिराच्या पाट्या १०७१च्या आहेत, हिमेजीजवळच्या गोकुराकुजीच्या ११४४च्या.

‘गा’ म्हणजे छपराचं कौल, ‘क्यो’ म्हणजे सूत्र. कौलाला जपानीत ‘कावारा’ असंही म्हणतात आणि तो शब्द संस्कृत ‘कपाल’वरून गेला असं एक मत आहे. यज्ञातल्या ‘अष्टाकपाल पुरोडाश’ (आठ खापरांवर भाजलेली आहुतीची भाकरी) यातलं कपाल म्हणजे भाजलेल्या मातीचं खापर, तेच हे. तरीही ‘सूत्रकौल’ म्हणू नये. आपल्याकडे वाचणाऱ्याला आधी देवाला लावलेला कौल आठवेल. मी ‘मृत्पट’ सुचवेन. ताम्रपट सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. शिवाय जपानमध्ये तांब्याच्या पत्र्यांवरही सूत्रं कोरून पुरलेली आहेत, म्हणजे जोडी जुळते.

प्रश्नकर्ता: मृत्पट आवडला, पण जरा जड वाटतो. सरळ ‘मातीची पाटी’ लिहिलं तर?

उत्तर: वर्णन करताना जरूर लिहा. मीही वर तेच केलंय. पण एकट्या ‘पाटी’वर विसंबू नका, पाटी म्हटलं की पुसणं आलंच. पहिल्यांदा ‘मृत्पट (गाक्यो)’ असं देऊन पुढे ‘सूत्रपाटी’ वापरली तर लेख हलका राहील. नालंदाला प्रतीत्यसमुत्पादाचा (कार्यकारणाच्या साखळीच्या बौद्ध सिद्धांताचा) पाठ कोरलेल्या विटा मिळाल्या आहेत. त्यांचा उल्लेख येणार असेल तर तिथे मात्र ‘वीट’च ठेवा.