इयर फोरपासूनच ट्यूशन? आमचा केंटचा अनुभव

इलेव्हन प्लससाठी (म्हणजे इंग्लंडमधल्या ग्रामर स्कूलची, मुलं निवडून घेणाऱ्या सरकारी शाळांची, प्रवेश परीक्षा) इयर फोरपासून, म्हणजे आठ-नऊ वर्षांपासूनच, ट्यूशन लावावी का असं इथे कुणी विचारलंय म्हणून लिहितेय. आम्ही इंग्लंडच्या केंट काउंटीत, लेक मागच्या सप्टेंबरला बसली. ट्यूशन नाही लावली, इयर फाइव्हभर घरीच रोज अर्धा तास, बास. गणित आपल्या घरांत होऊन जातं हो, घोडं अडतं ते व्होकॅबमध्ये, कारण घरी मराठी आणि शाळेत मैत्रिणींचं इंग्लिश, त्यात 'रिलक्टंट' कुठून येणार? अडलेला शब्द फ्रिजवर चिकटवायचो, शेवटी फ्रिजचं दार दिसेना.

खरा घोळ उत्तरांच्या शीटचा. ती वेगळी असते, चौकटीत पेन्सिलीने आडवी रेघ मारायची. पहिल्या मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला, लेकीने एक प्रश्न सोडला आणि पुढचं उत्तर त्याच्याच चौकटीत, मग खालची सगळी उत्तरं एकेक घर वर सरकलेली! मी मार्क बघून आधी ओरडले, मग शीट ताडून बघितली आणि माझीच मला लाज वाटली. पेपरइतकीच शीटचीही सवय करून घ्या.

आणि हो, केंट टेस्टला, म्हणजे केंटच्या इलेव्हन प्लसला, नाव आपणच मुदतीत नोंदवायचं असतं. बकिंगहॅमशायरमध्ये मात्र तिथल्या सरकारी शाळेतली मुलं आपोआप बसतात, तिथे पास व्हायला 121 गुण लागतात. निकाल ऑक्टोबरच्या मध्यात आणि शाळांच्या फॉर्मची मुदत 31 ऑक्टोबर, म्हणजे हातात जेमतेम पंधरा दिवस, तेव्हा शाळा आधीच बघून ठेवा. पास झालं तरी सीट नक्की नसते, बऱ्याच ठिकाणी घरापासूनचं अंतर मोजतात.