मदत हवी आहे: केंब्रिजशायरमधल्या सोहम गावात घर घ्यावं का? सुरक्षिततेबद्दल

नमस्कार मंडळी,

घराचा निर्णय अडला आहे आणि हातात जेमतेम दोन आठवडे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही सहा वर्षं केंब्रिजमध्ये भाड्याने राहतोय. नवरा, मी आणि नऊ वर्षांची मुलगी. केंब्रिजमध्ये घर घेणं आमच्या आवाक्यातलं नाही, म्हणून वर्षभर आजूबाजूची गावं पालथी घातली. शेवटी ईलीच्या जवळ सोहममध्ये तीन बेडरूमचं एक घर मनात भरलं. मागे लहानशी बाग आहे, सफरचंदाचं एक झाड आहे. ऑफर मान्य झाली, सर्व्हे झाला, वकिलाकडे कागद गेले. कॉन्ट्रॅक्ट एक्सचेंज अजून व्हायचंय, तोवर मागे फिरता येतं.

सासूबाई साताऱ्याला असतात, मार्चमध्ये सहा महिन्यांसाठी येणार आहेत. गावाचं नाव सांगितलं तेव्हा फोनवर हरखून गेल्या. "सोहम? अगं, रोज ध्यानाला बसते तेव्हा हेच म्हणते मी!" चार दिवसांनी त्यांचाच फोन आला तेव्हा आवाज वेगळा होता. भाच्याने गावाचं नाव इंटरनेटवर शोधून दाखवलं होतं. "पोरीला घेऊन त्या गावात राहायला जायचं नाही. केंब्रिजपेक्षा स्वस्त मिळतंय ते उगीच नाही."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑगस्ट २००२ मध्ये या गावातल्या दहा वर्षांच्या दोन मैत्रिणी बेपत्ता झाल्या. तेरा दिवस सगळा देश त्यांना शोधत होता. खून करणारा गावातल्याच माध्यमिक शाळेचा केअरटेकर निघाला. मुली त्याच्या घरात गेल्या; त्याच्या घरातली बाई त्यांच्या वर्गावर मदतनीस होती, ओळखीची होती. माझी मुलगी मे महिन्यात दहा पूर्ण करेल. हे टाइप करताना दोनदा थांबले.

त्या रात्री मी झोपले नाही, वाचत बसले. त्या माणसावर आधी दुसऱ्या भागात अनेक तक्रारी झाल्या होत्या, पण ती माहिती नोकरी देणाऱ्यांपर्यंत पोचलीच नाही. त्यावर बिचर्ड चौकशी बसली, २००४ मध्ये अहवाल आला, २००६ मध्ये नवा कायदा झाला. मुलांजवळ काम करणाऱ्यांची आज जी डीबीएस तपासणी (जुन्या गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी) होते तिची पद्धत, आणि असं काम करायला मनाई असलेल्यांची यादी, या सगळ्यातून घडत गेली. मी रविवारच्या मराठी शाळेत मुलांना बाराखडी शिकवते. तिथे रुजू होताना माझीही डीबीएस झाली होती. पासपोर्ट दाखवला, मागच्या पाच वर्षांचे पत्ते लिहिले, सही केली. हा कागद कुणामुळे आला हे तेव्हा माहीत नव्हतं.

ती घटना वीस वर्षांहून जुनी आहे, तिच्यावरून आजचं गाव ठरवू नये, हे मला कळतं. पण मग ठरवायचं कशावरून? पोलीस डॉट यूके ही पोलिसांची साइट उघडून गुन्ह्यांचा नकाशा पाहिला आणि अजूनच घाबरले. आमच्या घराच्या रस्त्यावर ठिपके, त्यात सगळ्यात मोठा आकडा 'हिंसा आणि लैंगिक गुन्हे' या सदरात. एवढ्या शांत रस्त्यावर? मागच्या शनिवारी तर तिथे एक आजोबा गुडघ्यावर बसून फरशांमधलं गवत काढत होते.

गेल्या गुरुवारी मुद्दाम संध्याकाळच्या गाडीने गेले. सोहमचं स्टेशन १९६५ मध्ये बंद पडलं होतं, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झालं. एकच फलाट. केंब्रिजहून येताना ईलीला गाडी बदलावी लागते. माझ्याबरोबर पाच जण उतरले. चौघांना न्यायला गाड्या आल्या होत्या, पाचवा सायकलवर बसून गेला. मी एकटीच पायी निघाले. साडेसहालाच मध्यरात्रीसारखा अंधार, सपाट शेतांवरून येणारा वारा, दोन दिव्यांच्या मधला पट्टा पूर्ण काळा. रस्त्यात काही झालं नाही. एक बाई कुत्र्याला फिरवत होती, ती स्वतःहून 'इव्हनिंग' म्हणाली. तरी घरापाशी पोचेपर्यंत फोन हातात घट्ट धरलेला होता.

आईंचं वेगळंच टेन्शन आहे. आम्ही दोघं कामावर गेल्यावर दिवसभर त्या एकट्या घरात असतील. इंग्रजी कामापुरतं येतं, आणि दारात आलेल्या माणसाला परत पाठवणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांचे आणि माझे दागिने घरात असतील. दिवाळीच्या सुमारास आपल्या लोकांची घरं फोडतात हे लंडनच्या मैत्रिणींकडून ऐकलंय. छोट्या गावात एकच भारतीय घर असेल तर ते जास्त नजरेत येतं का? आणि ऑगस्ट २०२४ च्या स्थलांतरितांविरुद्धच्या दंगलींनंतर हेही विचारायला हवं: छोट्या इंग्रज गावांत राहणाऱ्यांनो, तुम्हाला कसं वागवतात?

सोहम, ईली, लिटलपोर्ट, न्यूमार्केट, कुठल्याही लहान गावात राहत असाल तर कृपया मोकळेपणाने लिहा. धीर देण्यासाठी गोड उत्तर नको, जे आहे तेच सांगा.

प्रतिसाद: फेनकाठ

ताई, मी ईलीपासून सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर अकरा वर्षं राहतो. आधी नकाशाचं सांगतो, कारण त्याने बरेच जण घाबरतात.

ते ठिपके खऱ्या पत्त्यावर नसतात. गुन्हा घडलेली जागा लपवण्यासाठी तो जवळच्या एका ठरावीक बिंदूवर नेऊन ठेवतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी 'अमुक रस्त्यावर किंवा जवळ' असं लिहिलेलं असतं. एका बिंदूखाली किमान आठ घरं येतात. दुकानासमोरची भांडणं, कार पार्कमधली मारामारी, हे सगळं जवळच्या बिंदूवर गोळा होतं. तुमच्या रस्त्याचा ठिपका म्हणजे तुमचा रस्ताच असं नाही.

आणि 'हिंसा आणि लैंगिक गुन्हे' हे सदर इंग्लंडमध्ये जवळजवळ सगळीकडे सगळ्यात मोठं दिसेल. त्यात बलात्कार आणि सुरीहल्ला येतो, तसाच इजा न होता दिलेला धक्का, पाठलाग, धमकीचे मेसेज, घटस्फोटानंतर नवऱ्याने केलेला छळ हेही येतं. त्यातलं बरंचसं घराच्या आत, ओळखीच्या माणसांत घडतं. ते कमी गंभीर आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण रात्री स्टेशनवरून चालत येणाऱ्या बाईला असलेला धोका त्या आकड्यातून कळत नाही. तुम्ही 'घरफोडी', 'दरोडा' आणि 'वाहन' ही सदरं निवडा, एक महिना न घेता तीन वर्षांचे महिने ओळीने बघा, आणि शेजारी तुमचा आत्ताचा केंब्रिजचा भाग ठेवा. सायकलचोरीचं सदर तर नक्की बघा, केंब्रिजकरांना वेगळं सांगायला नको.

इथल्या खेड्यांत जे चोरीला जातं ते वेगळंच असतं: ट्रॅक्टरचं जीपीएस, क्वाड बाइक, शेडमधली अवजारं, घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरचं टाकीतलं तेल. घर बघायला गेलात तेव्हा बागेतल्या शेडला कडी होती का हे पाहिलंत का?

वकिलाला टीए६ नावाचा फॉर्म मागा. विकणाऱ्याने शेजाऱ्यांशी झालेले वाद आणि तक्रारी त्यात लिहायच्या असतात. मी तो फॉर्म न वाचता सही केली होती, तुम्ही तसं करू नका.

प्रतिसाद: दोन_वेण्या

घरी दिवसभर एकट्या असणाऱ्या आईंबद्दल लिहिते, कारण माझ्या आईबरोबर हे घडलंय. आमच्याही लहान गावात एक मुलगा मोठी बॅग घेऊन दारात आला. टेबल पुसायची फडकी, स्पंज. 'तुरुंगातून सुटलोय, नवी सुरुवात करतोय' म्हणाला, एक छापील कार्डही दाखवलं. आईला दया आली. पैसे आणायला ती आत गेली आणि दार उघडंच राहिलं. हॉलमधल्या टेबलावरची गाडीची किल्ली गेली. दारोदार फिरून असा माल विकणाऱ्याकडे १८७१ च्या कायद्याप्रमाणे पोलिसांनी दिलेलं पेडलर सर्टिफिकेट लागतं. त्याच्याकडचं कार्ड ते नव्हतंच, पण आईला कसं कळणार?

तेव्हापासून आमच्या दाराच्या आतल्या बाजूला मराठीत कागद चिकटवलाय. साखळी लावल्याशिवाय दार उघडायचं नाही. छपराची कौलं सरकलीत असं सांगणाऱ्याला 'मुलगा घरी आल्यावर' एवढंच म्हणायचं. फोनवर कुणी पोलीस किंवा होम ऑफिस (इथलं गृहखातं) म्हणून पैसे, कार्ड, पिन मागितला की फोन ठेवून द्यायचा. खरे पोलीस कार्ड न्यायला माणूस पाठवत नाहीत. तातडीचं असेल तर ९९९, नसेल तर १०१. हे दोन आकडे आईने स्वतःच्या हाताने लिहिलेत, त्यामुळे ते तिला पाठ आहेत.

आता दाराचं. इथली बरीच दारं प्लॅस्टिकची असतात. ओढून घेतलं की बंद झाल्यासारखं वाटतं. हँडल वर उचलून मग किल्ली फिरवल्याशिवाय ते दार खरं लागतच नाही, कारण वरच्या-खालच्या कड्या हँडल उचलल्यावरच चौकटीत शिरतात. भारतातून आलेल्या माणसाला हे कुणी सांगत नाही. आईंना पहिल्याच दिवशी पाच वेळा करून घ्या. दार फोडल्याची खूण नसेल तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

सोन्याचा विमा स्वतंत्र बघा. घराच्या साध्या पॉलिसीत एका वस्तूला मर्यादा असते आणि एक राणीहार ती सहज ओलांडतो. बहुतेक बँकांनी लॉकर बंद केलेत. आम्ही रोजचं मंगळसूत्र आणि दोन बांगड्या ठेवून बाकी सगळं खासगी व्हॉल्टमध्ये ठेवलंय. प्रत्येक दागिन्याचा मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढलाय. दिवाळीचे फोटो सगळ्यांना दिसतील असे टाकत नाही.

प्रतिसाद: फेनकाठ

वरच्या दाराच्या मुद्द्याला जोडून: कुलपाचा सिलिंडर हँडलच्या पट्टीबाहेर आलेला असेल तर तो पकडीने मोडता येतो. तीन तारे छापलेला अँटी-स्नॅप सिलिंडर बसवा. ताबा मिळाला की पहिल्याच दिवशी. आधीच्या मालकाने किल्ल्या कुणाकुणाला दिल्यात ते आपल्याला कळत नाही.

आणि हो, आईंना गावाची आणखी एक गोष्ट सांगा. २ जून १९४४ ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, बॉम्बनी भरलेली मालगाडी सोहम स्टेशनात शिरत असताना पुढच्या डब्याने पेट घेतला. मागे पन्नास डबे होते. ड्रायव्हर बेंजामिन गिंबर्ट आणि फायरमन जेम्स नाइटॉल यांनी तो जळता डबा सोडवला आणि इंजिनाने पुढे ओढत नेला. स्फोट झाला. नाइटॉल आणि सिग्नलमन गेले, गिंबर्ट वाचला, गाव वाचलं. दोघांना जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. भाच्याने शोधलं तेव्हा हे वर आलं नसणार.

प्रतिसाद: मुळामुठा

वागणुकीबद्दल विचारलंत, खरं सांगते. आम्ही आठ वर्षं अशाच एका गावात आहोत. रोजचं जगणं चांगलं आहे, शेजारीण बर्फ पडला की आमच्याही दारात मीठ टाकून जाते. दोनदा चालत्या गाडीतून शिवी ऐकलीय. ऑगस्ट २०२४ मध्ये आठवडाभर मुलांना संध्याकाळी बाहेर पाठवलं नाही, आमच्या गावात काहीही झालं नव्हतं तरी. शिवीची तक्रार १०१ वर केली, हेट इन्सिडंट (द्वेषातून घडलेली घटना) म्हणून नोंद झाली. तुम्हीही करा. नोंद नसेल तर ते घडलंच नाही असं होतं.

मुलगी सेकंडरीला गेली की मात्र डोळे उघडे ठेवा. शहरातल्या ड्रगच्या टोळ्या लहान गावांत माल पोचवायला शाळकरी मुलं वापरतात, त्याला काउंटी लाइन्स म्हणतात. अचानक नवे बूट, दुसरा फोन, शाळेला दांडी. असं दिसलं की शाळेशी बोला, थांबू नका.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. रात्री नवऱ्याला शेजारी बसवून तीन वर्षांचे महिने काढले. घरफोडीच्या सदरात आमच्या बिंदूवर बहुतेक महिने रिकामेच आहेत. हिंसेचे ठिपके दुकानं आणि पबच्या बाजूला जास्त दाटतात. आमच्या आत्ताच्या पत्त्यावर सायकलचोरीचा आकडा पाहिला आणि आमच्याच दोन सायकली आठवल्या.

काल पुन्हा गेले, या वेळी मुलीला घेऊन, शाळा सुटायच्या वेळेला. फरशांमधलं गवत काढणारे आजोबा भेटले. मी धीर करून विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, त्या तेरा दिवसांत ते रोज शेतं तुडवत होते, आणि अजूनही बाहेरचा माणूस गावाचं नाव ऐकून आधी तेच विचारतो. त्या केअरटेकरचं घर २००४ मध्येच पाडलं, हेही सांगितलं. मला विचारल्याचं वाईट वाटलं. निघताना त्यांनी मुलीचं नाव विचारलं आणि तिने स्पेलिंग सांगेपर्यंत दोनदा म्हणून पाहिलं.

आईंना हे सगळं आज फोनवर सांगितलं, मालगाडीचीही गोष्ट सांगितली. त्या अजून 'हो' म्हणालेल्या नाहीत. "दाराला साखळी आहे का?" एवढंच विचारलं. नाहीये. पुढचं दार बघितलं, सिलिंडर चांगला बोटाच्या पेराएवढा बाहेर आलेला आहे.

केंब्रिज-ईली भागात चांगला कुलूपवाला कुणाला माहीत असेल तर व्यक्तिगत निरोपात कळवाल का? साखळी आणि सिलिंडर दोन्ही एकाच खेपेत बसवायचं आहे, आणि शेडची कडीसुद्धा.