आईचं तोंड सतत कोरडं पडतं, मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो. आई ६८ वर्षांची. नागीण बरी झाली, पण ठणका राहिला म्हणून अ‍ॅमिट्रिप्टिलीन सुरू आहे. तेव्हापासून तोंडाला कोरड. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करूनही घशाखाली उतरत नाही, रात्री तीनदा पाण्यासाठी उठते. शुगर नॉर्मल आहे. या गोळीने लाळ कमी होते, असं डॉक्टर म्हणाले. डोस कमी करायचं पुढच्या भेटीत बघू. लाळ नसली की दात लवकर किडतात, दोन किडलेच. मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

कृत्रिम लाळेचा जेल किंवा स्प्रे कुणी वापरलाय का? रात्री किती वेळ टिकतो? कर्वे रोडच्या आसपास कुठे मिळेल? आणि काही दातांची कवळी असताना झायलिटॉलचं (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ, याने दात किडत नाहीत) च्युइंगगम चालतं का?